चार हजार फोटो आणि एक करडं वानर : वेहेया जंगलाचं प्रकरण

जून २०११. बोर्निओ बेटाच्या पूर्वेला, इंडोनेशियाच्या पूर्व कालिमांतान प्रांतातल्या वेहेया जंगलात संशोधकांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोर प्राणी आला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, बांधले. डोळ्यांसमोर होते क्लाउडेड लेपर्ड, ओरांगउटान आणि खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यांवर येणारे इतर प्राणी. कार्डं उघडली तेव्हा स्क्रीनवर भलतंच कोणीतरी बसलेलं होतं. राखाडी पाठ, डोक्यावर काळसर टोपी ओढल्यासारखे केस, गुलाबीसर नाक-ओठ आणि गळ्याशी पांढरी झालर. एकटंदुकटं नव्हे, टोळीच. कॅमेरे लावणाऱ्यांपैकी कुणीही हे वानर आधी पाहिलेलं नव्हतं.

दोन महिन्यांत सुमारे ४,००० फोटो जमले. जानेवारी २०१२ मध्ये ‘अमेरिकन जर्नल ऑफ प्रायमेटॉलॉजी’ या नियतकालिकात शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांत ‘नामशेष झाल्याची भीती असलेलं वानर जिवंत सापडलं’ अशा बातम्या झळकल्या. बातमी खरीच होती. पण धोक्यातल्या वानरांवर कॅमेरा ट्रॅपने लक्ष ठेवू पाहणाऱ्यांसाठी या प्रकरणातला कामाचा भाग बातमीनंतर सुरू होतो. कॅमेऱ्याने इथे एका प्रश्नाचं पक्कं उत्तर दिलं आणि दुसऱ्या प्रश्नावर तो पूर्ण गप्प राहिला. यशाचं कारण आणि गप्प राहण्याचं कारण मात्र एकच होतं: कॅमेरा जिथे बांधला ती जागा.

हे वानर कोण, आणि ते हरवलं कसं

मराठीत आपण माकड आणि वानर वेगळं धरतो ते बरंच आहे, कारण इथे तो फरक उपयोगी पडतो. हे माकड नव्हे. पानं, बिया आणि कच्ची फळं खाणारं, लांब शेपटीचं वानर. इंग्रजीत त्याला मिलरचा ग्रिझल्ड लंगूर म्हणतात. शास्त्रीय नाव प्रेस्बिटिस कॅनिक्रस. प्राणिशास्त्रज्ञ मिलर यांनी १९३४ मध्ये संग्रहालयातल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. पुढे बरीच वर्षं ते होजच्या लंगुराची उपप्रजाती म्हणून धरलं गेलं आणि २०१२ च्या निबंधातही तसंच नाव आहे. आता ते स्वतंत्र प्रजाती मानतात. काही बातम्यांत हे वानर एके काळी जावा-सुमात्रावरही होतं असं छापून आलं. तो पसारा प्रेस्बिटिस या सबंध गटाचा. हे एक वानर मात्र बोर्निओच्या ईशान्येकडच्या एका कोपऱ्याबाहेर कधीच माहीत नव्हतं.

त्या कोपऱ्याची दशा वाईट झाली. किनाऱ्यालगतचं कुताई राष्ट्रीय उद्यान हा त्याचा माहितीतला आधार. १९८२-८३ आणि १९९७-९८ या दोन्ही एल निन्यो वर्षांत तिथलं जंगल वणव्यात होरपळलं. उरलेल्या भागाला लाकूडतोड, कोळशाच्या खाणी आणि पाम तेलाचे मळे चारही बाजूंनी खात आले. नंतरच्या पाहण्यांत हे वानर तिथे जवळजवळ दिसेनासं झालं. २००४ ते २००६ या काळासाठी जगातल्या सर्वांत धोक्यातल्या २५ प्रायमेट (माकडं, वानरं आणि त्यांच्या कुळातल्या) प्राण्यांची यादी निघाली, तिच्यात त्याचं नाव होतं.

अधिवास गेला एवढंच कारण नाही. या वानरांच्या पोटात कधीकधी एक खडा तयार होतो. त्याला बेझोअर म्हणतात. गोरोचनाची आठवण व्हावी अशी वस्तू, आणि औषधी म्हणून तिला तशीच मागणी. एक खडा मिळावा म्हणून किती वानरं मारावी लागतात याचा हिशेब शिकारी ठेवत नाही, कारण खडा कुणाच्या पोटात आहे हे बाहेरून कळत नाही. बोर्निओतच कायान मेंतारांग राष्ट्रीय उद्यानात होजच्या लंगुरांची संख्या १९९६ ते २००३ दरम्यान निम्म्याहून खाली आली, आणि त्यामागे या खड्यांसाठीची शिकार हे प्रमुख कारण निघालं. जंगल उभं असूनही आतली वानरं संपू शकतात. उपग्रहाच्या चित्रात हिरवं दिसतं म्हणून निश्चिंत राहता येत नाही, ते यामुळे.

सेपान

आता त्या जागेकडे. या भागात जंगलातल्या खनिजयुक्त पाण्याच्या झऱ्यांना सेपान म्हणतात. जमिनीतून पाझरणारं खारट पाणी, भोवती खुरांनी आणि पंजांनी तुडवलेला चिखल, मध्ये उघडी जागा. सांबर येतं, रानडुक्कर येतं, ओरांगउटान येतो. आणि एरवी जमिनीला पाय न लावणारी वानरंही येतात.

का येतात याची उत्तरं एकाहून जास्त आहेत. उष्ण कटिबंधातल्या पानांत सोडियम कमी असतं, आणि मुख्यतः पानांवर जगणाऱ्याला ते दुसरीकडून मिळवावं लागतं. शिवाय या वानरांचं पोट कप्प्याकप्प्यांचं असतं. पुढच्या कप्प्यात जिवाणू पानं आंबवतात, आणि तिथली आम्लता एका मर्यादेत राहावी लागते. क्षार तिथे कामी येत असावेत. पानांतल्या विषारी द्रव्यांचा त्रास कमी होतो, असंही एक मत आहे. कारण काहीही असो, परिणाम एकच: शेंड्याशेंड्यांवरून फिरणारी, माणसाची चाहूल लागली की पानांत विरघळून जाणारी टोळी ठरावीक जागी खाली उतरते आणि काही वेळ तिथेच बसते.

या एका गोष्टीने कॅमेऱ्याचं काम सोपं केलं. एरवी वानरं मोजायची म्हणजे सरळ रेषेत आखलेल्या वाटेवरून पहाटे चालायचं आणि दिसलेल्या प्रत्येक टोळीचं वाटेपासूनचं अंतर नोंदवायचं. जिथे शिकार झाली आहे तिथे ही पद्धत दगा देते. तिथली वानरं ओरडत नाहीत, पळतही नाहीत. फांदीला चिकटून निश्चल बसतात आणि पाहणारा खालून निघून जातो. वहीत शून्य लिहिलं जातं. वेहेयात कॅमेऱ्याला वानरामागे जावं लागलं नाही. वानर त्याच्यापुढे येऊन बसलं.

सेपान कुठे आहे हे उपग्रहावरून कळत नाही. ते कळतं जंगलात फिरणाऱ्या माणसाला. वेहेया दायाक समाजाने २००४ मध्ये आपल्या परंपरागत कायद्याने हे सुमारे ३८,००० हेक्टरचं जंगल राखीव जाहीर केलं. त्याआधी ते लाकूडतोडीच्या परवान्याखाली होतं. समाजाचे प्रमुख लेजी ताक यांच्या पुढाकाराने गावातल्या तरुणांचं गस्ती पथक उभं राहिलं. त्याचं नाव ‘पेतकुक मेहुएय’, म्हणजे जंगलाचे राखणदार. हे पथक नसतं तर २०११ पर्यंत कॅमेरा बांधायला झाड आणि फोटो काढायला वानर उरलं असतं का, याबद्दल मला शंका आहे. शोधनिबंधाच्या लेखकांत परदेशी विद्यापीठांची नावं ठळक दिसतात: स्तानिस्लाव्ह ल्होता, ब्रेंट लोकेन, स्टेफनी स्पेहार आणि इतर. त्यांचं काम मोलाचंच. पण या प्रकरणाचं पहिलं पान २००४ मध्ये गावच्या बैठकीत लिहिलं गेलं.

डबीच्या आत काय चालतं

थोडं यंत्राबद्दल, कारण पुढचे सगळे घोळ इथून सुरू होतात.

कॅमेरा ट्रॅपला प्राणी दिसत नाही. त्याला हलती ऊब जाणवते. समोरच्या पट्ट्यात एखादं पृष्ठभाग आसपासच्यापेक्षा गरम किंवा थंड असेल आणि ते एका भागातून दुसऱ्या भागात सरकलं, तरच सेन्सर जागा होतो आणि फोटो निघतो. थंड प्रदेशात हे झकास चालतं. उष्ण कटिबंधातल्या दुपारी हवा तिशी ओलांडते आणि दाट केसांच्या पृष्ठभागाचं तापमान हवेच्या जवळ येतं. सेन्सरच्या लेखी वानर जवळपास अदृश्य. म्हणजे दुपारी फोटो कमी आले तर वानरं दुपारी येत नाहीत, असा निष्कर्ष काढण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

उलट बाजूला खोटे ट्रिगर. उन्हाचा कवडसा पडलेलं मोठं पान वाऱ्याने हललं की सेन्सरला ते प्राण्यासारखंच वाटतं. ज्याने एकदा तरी असं कार्ड रिकामं केलं आहे त्याला ठाऊक असेल: एकच फांदी, एकच पान, सातशे फोटो, आणि सातशे एकाव्या फोटोच्या कडेला एका शेपटीचं टोक. कंटाळून पुढे गेलात तर तेवढंच सुटतं. म्हणून बांधणाऱ्याच्या कमरेला कोयता असतो आणि कॅमेऱ्यासमोरची दोन-तीन मीटर जागा तो साफ करतो. जास्त साफ केली तर जागा अनोळखी होते आणि प्राणी बिचकतात. कमी केली तर पान.

आर्द्रतेचं तर विचारूच नका. झाकणाच्या रबरी कडेत एक बारीक मुंगी अडकली तरी वाफ आत शिरते आणि काचेच्या आतल्या बाजूने धुकं धरतं. सिलिका जेलच्या पुड्या आत ठेवतात आणि दर फेरीला बदलतात. मुंग्या आणि वाळवीला ती कोरडी डबी घर म्हणून पसंत पडते. रात्रीच्या फोटोंसाठीचा इन्फ्रारेड प्रकाशही दोन प्रकारचा असतो. ८५० नॅनोमीटरचा लांबवर पोहोचतो, पण दिव्याची लालसर ठिणगी दिसते. ९४० चा दिसत नाही, पण चित्र फिकं येतं. वानरं दिवसा फिरतात, त्यामुळे या प्रकरणात हा मुद्दा गौण. शिकारी मात्र रात्रीही फिरतो आणि लाल ठिणगी त्यालाही दिसते.

सेपानवरच्या कॅमेऱ्याला यातले काही त्रास कमी होतात. जागा आधीच उघडी असते, वानर जवळ येतं आणि रेंगाळतं. रेंगाळणं महत्त्वाचं, कारण ट्रिगर आणि पहिला फोटो यांत जाणारा क्षणाचा उशीर उडी मारून जाणाऱ्या वानराला निसटू देतो, बसलेल्याला नाही.

ओळख पटवायची कशाशी?

फोटो हाती आले, तरी एक विचित्र अडचण उभी राहिली. हे तेच वानर आहे हे म्हणायचं कशाच्या आधारावर? पडताळायला जिवंत प्राण्याचे फोटो जवळपास नव्हतेच. होती ती संग्रहालयातल्या नमुन्यांवरून काढलेली चित्रं आणि वर्णनं. वाळवलेल्या कातड्यात चेहऱ्याच्या त्वचेचा गुलाबी रंग उरत नाही, केसांची झालर चपटी होते. त्यात बोर्निओवर याच गटातली इतर वानरंही आहेत. मरून रंगाचं सहज वेगळं काढता येतं, पण होजच्या लंगुराच्या भावंडांत फरक आहेत ते चेहऱ्यावरच्या पट्ट्याचे, गळ्याच्या पांढऱ्याचे, पाठीच्या करड्या छटेचे. आणि कॅमेरा ट्रॅपचा रंग किती खरा मानायचा? ढगाळ सकाळी करडं निळसर येतं, उन्हात तपकिरी.

इथे संख्या कामी आली. एका फोटोतला रंग फसवू शकतो. हजारो फोटोंत वेगवेगळ्या उजेडात, वेगवेगळ्या बाजूंनी, नर-मादी-पिल्लं दिसली की प्रकाशाचं सोंग गळून पडतं आणि प्राण्याचा खरा नमुना उरतो. दुसरी गोष्ट त्याहून वजनदार. जंगलात दोन गट एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करत होते. एकाकडे कॅमेऱ्यांचे फोटो होते; दुसऱ्या गटाने सेपानपाशी बसून डोळ्यांनी निरीक्षणं केली होती. दोघांची नोंद जुळली आणि मग निबंध एकत्र लिहिला गेला. फक्त कॅमेऱ्यावर हा दावा उभा असता तर तो इतका लवकर पचला नसता, असं मला वाटतं.

निष्कर्ष दोन निघाले. हे वानर जिवंत आहे, आणि ते आधी माहीत असलेल्या क्षेत्राच्या बाहेर, किनाऱ्यापासून बरंच आत आहे. दुसरा निष्कर्ष मला पहिल्यापेक्षा मोठा वाटतो. इतकी वर्षं शोध जिथे चालला होता ती जागाच अपुरी होती. जुन्या नकाशावरची रेघ म्हणजे वानराची हद्द नव्हती, नमुने गोळा करणाऱ्यांच्या फिरण्याची हद्द होती.

मग वानरं किती?

बातमी वाचणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच, आणि वनखात्याचाही. चार हजार फोटो म्हणजे बरीच असतील की!

एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. समजा वेहेयात एकच टोळी आहे, बारा वानरांची. ती दर चार दिवसांनी एकदा सेपानवर उतरते. म्हणजे साठ दिवसांत १५ भेटी. एका भेटीत टोळी अर्धा तास चिखलात बसते, हालचाल चालू असते, आणि कॅमेरा ९० वेळा जागा होतो. प्रत्येक ट्रिगरला लागोपाठ तीन फोटो काढायची मांडणी आहे. एका भेटीचे २७० फोटो, पंधरा भेटींचे ४,०५०.

बारा वानरं, चार हजार फोटो. प्रत्यक्षात तसं होतं असं मी म्हणत नाही. तसं नव्हतं हे फोटोंवरून सिद्ध करता येत नाही, एवढंच. लोकेन यांनीही त्या वेळी पत्रकारांना हेच सांगितलं होतं: एकदोन कुटुंबंच पुन्हा पुन्हा येत असण्याची शक्यता आहे. बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जाणारं हे वाक्य मी मथळ्यात घेतलं असतं.

यातून वाट काढायचे नेहमीचे उपाय असतात. पहिला, ‘स्वतंत्र घटना’ मोजणं. तीस मिनिटांच्या आत आलेले एकाच प्रजातीचे फोटो एकच घटना धरायचे. आपल्या हिशेबात त्यामुळे ४,०५० चे १५ होतात. आकडा शहाणा झाला, पण तो अजून भेटींचा आहे, वानरांचा नाही.

दुसरा उपाय वाघांवर गाजलेला. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखायचा, किती जण पुन्हा दिसले यावरून न दिसलेल्यांचा अंदाज करायचा. वानरांच्या अंगावर असे पट्टे नाहीत. कान फाटलेली मादी, शेपटी तुटलेला नर अशा दोनचार खुणा सापडतात, पण सबंध टोळी वेगळी काढता येत नाही. फोटोत एका वेळी दिसलेली जास्तीत जास्त संख्या घेऊन ‘टोळी किमान एवढी’ म्हणता येतं, आणि तेही कॅमेऱ्याच्या चौकटीत मावलेल्यांपुरतं. चौकटीबाहेरच्या फांदीवर पहारा देणारा नर त्यात येत नाही.

तिसरा उपाय २००८ मध्ये मांडला गेलेला, प्राण्यांची ओळख न पटवता घनता काढण्याचा. प्राणी दिवसात किती अंतर चालतो, कॅमेऱ्याची नजर किती लांब-रुंद आहे आणि दर दिवशी किती भेटी होतात, यावरून गणित करायचं. अट एक: कॅमेरे प्राण्यांच्या आवडीनिवडीचा विचार न करता, चिठ्ठ्या टाकल्यासारखे लावलेले हवेत. सेपानवरचा कॅमेरा याच्या नेमका उलट. पाणवठ्यावर उभं राहून गावाची शिरगणती करण्यासारखं ते आहे. काही घरं दिवसातून चारदा येतील, काहींची स्वतःची विहीर असेल.

म्हणजे ज्या जागेने वानर दाखवलं, त्याच जागेने मोजणी बाद केली. हा दोष संशोधकांचा नव्हे. त्यांनी मोजणीचा दावा केलाच नव्हता. ते दुसऱ्याच प्राण्यांसाठी गेले होते. दोष होतो तो पुढच्या टप्प्यात, जेव्हा कुणी सेपानवरच्या फोटोंची दरवर्षीची संख्या शेजारी-शेजारी ठेवून ‘वानरं वाढली’ किंवा ‘घटली’ म्हणू लागतं. पाऊस जास्त झाला आणि झरा पाण्याने पातळ झाला, की वानरं तेवढीच असून भेटी घटतील.

देखरेख करायची तर

मिलरच्या वानरासाठी खरा उपयोगाचा प्रश्न ‘किती’पेक्षा ‘कुठे-कुठे, आणि पुढच्या वर्षीही तिथेच का’ हा आहे. त्यासाठी जंगलावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत कॅमेरा लावतात आणि प्रत्येक आठवड्याची ‘दिसलं’ किंवा ‘दिसलं नाही’ अशी नोंद करतात. या पद्धतीतली खुबी अशी की ती ‘दिसलं नाही’ आणि ‘नाही’ यांत फरक करते. समजा वानर त्या चौकटीत आहे, आणि एका आठवड्यात ते कॅमेऱ्यात येण्याची शक्यता २० टक्के आहे. दहा आठवडे कॅमेरा चालवूनही ते अजिबात न दिसण्याची शक्यता सुमारे ११ टक्के उरते. ती ५ टक्क्यांच्या खाली यायला १४ आठवडे लागतात. महिनाभर कॅमेरा लावून ‘इथे नाही’ असा शेरा मारणाऱ्या अहवालाकडे या आकड्यांच्या उजेडात पाहावं.

आणि सेपान सोडून इतरत्र ही वानरं जमिनीवर उतरतात किती? गुडघ्याच्या उंचीवर बांधलेला कॅमेरा सांबर आणि रानडुकरांचे फोटो काढत बसेल. कॅमेरा झाडावर न्यावा लागेल. ते जमतं हे इतरांनी दाखवलं आहे. पेरूच्या ॲमेझॉनात वायूची पाइपलाइन टाकताना काही जागी दोन्ही बाजूंच्या फांद्या न तोडता वरचे नैसर्गिक पूल राखले गेले, त्यांवर कॅमेरे बांधले गेले, आणि झाडावरच्या कॅमेऱ्यांची पद्धत २०१४ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाली. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात लोमामीच्या जंगलात ड्रायस हे छोटं, लाजाळू माकड २०१४ मध्ये शिकाऱ्याच्या हातातल्या मेलेल्या प्राण्यावरून ओळखलं गेलं. त्याचा पुढचा माग काढायला कॅमेरे वेगवेगळ्या उंचीवर लावले, कारण ते ना जमिनीवर नीट सापडत होतं ना उंच शेंड्यावर. वेलींच्या गर्द मधल्या थरात ते वावरतं.

झाडावर चढवलेला कॅमेरा म्हणजे दोर, चढणारा प्रशिक्षित माणूस आणि दुप्पट खोटे ट्रिगर, कारण वर वारा आहे, ऊन आहे, आणि ज्या फांदीला कॅमेरा बांधला तीच झुलते. म्हणून फांदीला नव्हे, मुख्य खोडाला बांधायचा आणि नजर आडव्या जाड फांदीच्या लांबीवरून टाकायची. वानरांचेही ठरलेले रस्ते असतात. जिथे दोन झाडांमध्ये एकच फांदी पोहोचते तिथे सगळी टोळी त्याच फांदीवरून जाते. ती फांदी शोधायला पुन्हा गस्ती पथकातलाच माणूस लागतो.

जाता जाता: वेहेयातल्या जमिनीवरच्या कॅमेऱ्यांनी दुसऱ्या एका समजाला धक्का दिला. ओरांगउटान झाडावरच राहतो असं धरून चाललं होतं. इथल्या फोटोंत तो जमिनीवरून चालताना वारंवार दिसला, २०१३ मध्ये त्यावर निबंध आला, आणि पुढच्या वर्षी बोर्निओभरच्या १६ ठिकाणांची माहिती एकत्र केल्यावर हे सर्वत्र घडतं असं निघालं. क्लाउडेड लेपर्डसाठी लावलेल्या डब्यांनी वानर दिलं आणि ओरांगउटानचं चालणं दिलं. कार्ड फेकू नये, रिकामे वाटणारे फोटो पुसू नयेत, हा या कामातला जुना दंडक आहे, तो यासाठी.

पत्ता सांगावा का?

या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग मला हा वाटतो. सेपानवर वानरं उतरतात हे संशोधकाला कळायच्या कितीतरी आधी शिकाऱ्याला माहीत होतं. चिखलात बसलेली टोळी फोटोसाठी जितकी सोपी, तितकीच बंदुकीसाठी. ‘दुर्मीळ वानर इथे सापडलं’ ही बातमी म्हणजे खडे विकणाऱ्याच्या दृष्टीने आयता पत्ता. ३८,००० हेक्टरच्या जंगलाचं नाव छापल्याने फार बिघडत नाही. एका झऱ्याचे अक्षांश-रेखांश छापले तर बिघडतं. आजकाल कॅमेरे फोटोच्या फाइलमध्येच स्थान नोंदवून ठेवू शकतात; फोटो समाजमाध्यमांवर टाकण्याआधी ती नोंद पुसावी लागते, आणि कॅमेरा बांधल्यावर उत्साहात मोबाइलने काढलेल्या सेल्फीतही ती असते हे पथकातल्या प्रत्येकाला सांगून ठेवावं लागतं.

कॅमेऱ्यात माणसंही येतात. मध गोळा करणारा, मासे धरायला निघालेला, बंदूक खांद्याला लावलेला. कॅमेरे गावाच्या संमतीने लागलेले असतील आणि कोणते फोटो कोण पाहणार हे आधी ठरलेलं असेल, तर भांडण होत नाही. वेहेयात राखण गावाचीच असल्याने हा प्रश्न निदान योग्य माणसांसमोर येत होता. इतरत्र संशोधक परस्पर कॅमेरे लावून जातात, मग एक दिवस कॅमेरा फुटलेला सापडतो आणि अहवालात ‘चोरी’ असं लिहिलं जातं.

त्यानंतर

वानराची नोंद झाल्याने वेहेयाचं वजन वाढलं. पुढच्या काही वर्षांत वेहेया आणि शेजारचा केलाय असा सुमारे ५ लाख ३२ हजार हेक्टरचा टापू प्रशासन, कंपन्या आणि ग्रामस्थ यांच्या एका मंचाखाली आला, मुख्यतः ओरांगउटानच्या नावाने. त्यात लाकूडतोडीचे परवाने असलेली जंगलं आणि पामचे मळेही आहेत. सबंध टापू राखीव नाही. आंतरराष्ट्रीय लाल यादीत मिलरचं वानर आजही धोक्यातल्या प्रजातींमध्येच आहे.

पुढची फेरी कुणी आखत असेल तर माझ्या मते सेपानवरचे दोन कॅमेरे तसेच ठेवावेत, टोळीत पिल्लं दिसतात का आणि किती महिन्यांची, एवढ्यासाठी. पिल्लांची नोंद भेटींच्या संख्येपेक्षा कमी फसवते. बाकीचे कॅमेरे सेपानपासून दूर, चौकटींत वाटून, निम्मे जमिनीवर आणि निम्मे वीसेक मीटर उंचीवर न्यावेत आणि किमान १४ आठवडे हलवू नयेत. त्यांतल्या बहुतेक कार्डांवर पानंच येतील. दर तीन महिन्यांनी ती पानं कुणीतरी एकेक करून पाहावी लागतील.